विहिरीवालीचं मागच्या बाजूचं तिसरं गाणं

शेजारच्या निंबाभाऊंची बायको भिकुबाई गेली त्या संध्याकाळचं भांडण मंदाबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं. मुद्दाम कान लावला नव्हता. भुसावळात रुळांच्या पलीकडे त्यांचं आणि निंबाभाऊंचं घर एकाच गवंड्याने बांधलं, मधली भिंत दोघांत एकच धरली, आणि तीही चार इंची. पलीकडे कोणाला उचकी लागली तर इकडच्याने पाणी प्यावं, असलं ते बांधकाम.

आधी निंबाभाऊंच्या रेकॉर्डच्या पेटीवर इंग्रजी गाणं चालू होतं, रोजच्यासारखं. मग कडी वाजली, त्यांचा मुलगा हितेंद्र कामावरून आला, आणि जरा वेळाने गाणं मध्येच फाटलं. पत्र्यावर खिळा ओढावा तसा सुईचा आवाज झाला. पाठोपाठ हितेंद्रचा.

“आई पानी मांगी ऱ्हायनती! हाऊ पेला देखा, खाले पडेल शे. आख्खी गल्लीले ऐकू उनं व्हई, तुमलेच नही उनं?”

पलीकडे खुर्ची करकरली.

“कान फुटी गयात का तुमना, दादा?”

“गानं चालू व्हतं,” निंबाभाऊ म्हणाले.

“गानं! जेनं एक अक्षर तुमले समजत नही, त्या गानाकरता मनी माय कोरडा घसानी गयी!”

इकडे मंदाबाईंच्या हातात लाटणं होतं. पोळी अर्धी लाटून झालेली. त्या तशाच बसून राहिल्या. तव्याचा धूर डोळ्यांत गेला तेव्हा उठल्या, तवा उतरवला, आणि सगळी गल्ली रडत गेली तशा त्याही रडत पलीकडे गेल्या.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी हितेंद्रने एक पिशवी भरली आणि सुरतच्या गाडीत बसला. बापाच्या पाया पडला नाही. मंदाबाईंच्या पडला. तेव्हापासून मंदाबाईंना स्वतःच्या पायांकडे बघायला जड जातं.

निंबाभाऊ मूळचे पिंपळनेरच्या पलीकडच्या डोंगरातले. तिकडे भवाड्याच्या उत्सवात देवाची सोंगं नाचतात. लाकडाचा जडच्या जड मुखवटा बांधून माणूस बाहेर येतो. प्रत्येक सोंगाची वाजवायची चाल वेगळी. आंधळ्या म्हातारीलाही नुसत्या संबळावरून कळतं, आता कोण येतंय. निंबाभाऊंचे वडील संबळ वाजवत. त्यांचा एक दंडक होता: सोंग बाहेर निघालं की ते माघारी येईस्तोवर चाल तोडायची नाही. चाल तुटली तर मुखवटा येतो घरात, पण आतला माणूस बाहेरच राहतो. एकदा वाजवता वाजवता त्यांना विंचू चावला. पाय सुजून उखळाएवढा झाला, तरी त्यांनी सोंग आत घेतलं आणि मगच खाली बसले. ही गोष्ट निंबाभाऊ पन्नासदा सांगत. मंदाबाई दरवेळी विचारत, “आणि विंचू? तो थांबला का चाल संपेपर्यंत?” मग दोघं हसत.

वीस वर्षांचे असताना निंबाभाऊ रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस म्हणून भुसावळच्या लोको शेडला लागले. तिथे रॉड्रिक्स नावाचे एक ड्रायव्हर साहेब होते. ते बायकापोरं घेऊन कायमचे परदेशी निघाले तेव्हा सामान वाटून टाकत होते. कोणी पलंग नेला, कोणी कपाट. निंबाभाऊ उशिरा पोचले. उरली होती रेकॉर्ड वाजवायची पेटी आणि अकरा तबकड्या, लांब केसांच्या, गिटारवाल्या बँडच्या. निंबाभाऊंनी त्या डोक्यावर घेतल्या आणि घरी आणल्या. भिकुबाई म्हणाली, “पलंग लई येता तं कंबर तरी टेकती.”

इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. तबकड्यांची नावं त्यांनी कव्हरावरच्या चित्रावरून पाडली. चार जण विहिरीत वाकून बघताहेत ती विहिरीवाली. मग छत्रीवाली, कंदीलवाली, बिनतोंड्या बाईवाली. आणि गाण्याला नाव नव्हतंच. ‘छत्रीवाली, पुढली बाजू, चौथं’ असं. रोज ड्युटीवरून आले की एक बाजू ऐकायची. एक बाजू म्हणजे एक बाजू, मधून उठायचं नाही.

हितेंद्र गेल्यावर पत्र नाही, फोन नाही. कोणी म्हणे पॉवरलूमवर आहे, कोणी म्हणे लग्न केलं. साथीच्या वर्षी तो तिकडेच वारला. तेही आठ महिन्यांनी कळलं, अमळनेरचा एक जण त्याची पिशवी घेऊन आला तेव्हा. तीच पिशवी, बंद बदललेला. निंबाभाऊंनी त्या माणसाला चहा केला, बिस्किटं आणली, रात्रीच्या गाडीची चौकशी केली. तो गेल्यावर पेटी लावली. मंदाबाईंनी भिंतीशी बसून मोजलं, सगळ्या तबकड्या झाल्या. विहिरीवाली मात्र नाही. ती भिकुबाईच्या दिवसापासून कव्हरातून निघालीच नव्हती.

आता मंदाबाईंची नात ज्योत्स्ना. ती धुळ्याला शाळेत शिकवते आणि फोनवर गोष्ट सांगते. म्हणजे आपल्या घरात बसून बोलते आणि पाच-सहा हजार लोक स्वयंपाक करता करता ऐकतात. गेल्या वर्षी तिने नवी गोष्ट सुरू केली. तिच्यातला माणूस धुडकू. बापाशी भांडून घरातून निघतो आणि गावोगाव मजुरी करत फिरतो. एका भागात एक गाव.

“आजी, याला ढोलकी-सनई नको,” ज्योत्स्ना म्हणाली होती. “ते सगळेच लावतात. निंबाआबांकडे ती जुनी इंग्रजी गाणी आहेत ना? त्यांना विचार ना, धुडकूला कुठलं शोभेल.”

मंदाबाईंनी हौसेने ओट्यावर फोन ठेवला. निंबाभाऊ खुर्ची घेऊन बसले. पहिला भाग सुरू झाला आणि मंदाबाई निंबाभाऊंकडे बघायच्या थांबल्या. आई मरते, बाप गाणं ऐकत बसलेला, मुलगा आत येऊन ओरडतो. शब्दसुद्धा तेच. कधी काळी, नात लहान असताना, तिला झोप येईना म्हणून मंदाबाईंनी सांगितलं होतं हे. भडगावचं कोणाचं तरी म्हणून. पोरगी भडगाव तेवढं विसरली, बाकी सगळं तिने ठेवलं.

भाग संपला. निंबाभाऊंनी खुर्ची फोनजवळ ओढली.

“तांब्या म्हनस ती,” ते म्हणाले. “तांब्या नही व्हता. ष्टीलना पेला व्हता.”

मंदाबाईंना जागच्या जागी जमिनीत जावंसं वाटलं. “निंबाभाऊ, पोरीले काही ठाऊक नही. तिनं मनानं—”

“बेस सांगस,” ते म्हणाले. “तिले सांग, विहिरीवाली सोडीसन बठ्ठ्या तबकड्या तिन्या. धुडकूले मी पाहस.”

आणि त्या दिवसापासून ते कामाला लागले. भाग आधी तीनदा ऐकायचे. मग दोन दिवस पेटी. मंदाबाईंना भिंतीतून कळायचं, आज धुडकूला भूक लागली आहे, आज तो खोटं बोलणार आहे. पहिलं गाणं ते सहसा घेतच नसत.

“पहिलं म्हणजे दुकानना बाहेर टांगेल लुगडं,” ते म्हणत. “गिऱ्हाईक बोलावाकरता. खरा माल मांगे ऱ्हास. चौथं, पाचवं. जे कोनी मांगत नही ते.”

धुडकूच्या रागासाठी ज्योत्स्नाला सगळ्यात दणदणीत गाणं हवं होतं. निंबाभाऊंनी छत्रीवालीचं मागच्या बाजूचं दुसरं दिलं. त्यात गिटार एकदाच जोरात येते आणि मग पूर्ण गाणंभर दबून राहते, दातात पदर धरल्यासारखी. “बोंबलस त्याना राग तठेच सरस,” ते म्हणाले. “ह्याना राग सुरतलोंग पुरना.” भुकेसाठी त्यांनी असं शोधलं की ढोलाच्या दोन ठोक्यांत जागाच जागा. उपाशी माणसाला घाई नसते, त्याची ताकद पुरत नाही. धुडकू एका म्हातारीला फसवतो त्या भागाला गोड गळ्याचं एक गाणं दिलं; पण म्हणे गळ्याकडे लक्ष देऊ नको, खाली जाड तारेची गिटार भलतीकडेच चालली आहे ती ऐक. मंदाबाईंनी ऐकलं. खरंच चालली होती. चाळीस वर्षं भिंतीतून तेच गाणं ऐकून त्यांना कधी कळलं नव्हतं.

दर बुधवारी त्यांची फेरी ठरलेली. तबकडी टॉवेलात गुंडाळायची, पिशवीत घालायची, बाजारात कुंदनच्या मोबाइलच्या दुकानात जायचं. कुंदनकडे तबकडीवरून कॉम्प्युटरवर घ्यायचं यंत्र होतं. ते गाणं नखाएवढ्या कार्डात भरून घ्यायचं, कार्ड पाकिटात, पाकीट घेऊन एसटी स्टँडवर जायचं आणि धुळ्याच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचं. धुळ्याला ज्योत्स्ना उभी. कुंदन दरवेळी म्हणे, “आबा, मी फोनवरून पाठवतो ना, दोन मिनिटांत जाईल.” निंबाभाऊ म्हणत, “मधमा कोनी उघाडीसन ऐकं तं?”

चैत्रात त्यांचा खोकला वाढला. जळगावला नेऊन फोटो काढले. डॉक्टरने मंदाबाईंना बाजूला बोलावलं, नातेवाईक समजून. उन्हाळा काढतील, म्हणाला. मंदाबाईंनी ओट्यावर बसून हे कसं सांगावं याचा विचार केला, तोवर निंबाभाऊच म्हणाले, “कितला भाग बाकी शेतस धुडकूना?”

“दोन.”

“मंग उन्हाळा पुरी.”

त्यातल्या एकाचं पाकीट गेलं आणि ज्योत्स्नाचा फोन आला. तिचा आवाज जरा अडखळत होता. “आबा, शेवट माझा ठरत नाहीये. धुडकू घरी येतो असंही लिहिलंय, आणि वाटेतच राहतो असंही. ऐकणारे तर म्हणतात येऊ दे. पण मला ते खोटं वाटतं. तुम्हीच ठरवा. तुम्ही घरी यायचं गाणं पाठवलं तर तो येईल. नाही पाठवलं तर गोष्ट रस्त्यावरच थांबवते.”

“पाहस,” निंबाभाऊ म्हणाले.

पहिला बुधवार गेला. दुसरा गेला. पेटी लागली नाही. भिंतीतून नुसता खोकला. मंदाबाई डब्यात भाकरीचा काला नेऊन देत. तो तसाच परत येई. एकदा त्यांनी चिडून म्हटलं, “अहो, एक गाणं तं पाठवायचंय. दहा तबकड्या पडल्यात.”

“घर येवानं गानं दहामा नही शे, अक्का. ज्या चालवर सोंग भाईर गयं, त्याच चालवर मझार येस. दुसरी चाल त्याले वळखू येत नही.”

म्हणजे विहिरीवाली. मागची बाजू, तिसरं, त्या संध्याकाळी मध्येच तुटलेलं. मंदाबाईंना कळलं, आणि त्यांना हेही कळलं की आता गप्प बसलं तर पुन्हा बोलायला पलीकडे माणूस राहणार नाही. उन्हं कलली होती. त्यांनी डबा खाली ठेवला.

“निंबाभाऊ, मले एक सांगायचं हाये. भिकुबाईनं त्या दिशी दोनदा हाक मारली. मी ऐकली. मले वाटलं, तुम्ही घरात हायेत, द्याल पानी. हात पिठात होते. मी नही उठली. हितेंद्र म्हने ना, आख्ख्या गल्लीले ऐकू आलं असेल. मी भिंतीमागं बसून ऐकू राह्यली होती, आणि बाहेर येऊन एवढंही म्हटलं नही, की पोरा, माहीबी चूक हाये. म्हटलं असतं तं तो कदाचित...”

 निंबाभाऊ खाटेवर टेकून बसले होते. त्यांनी मान हलवली.

“माले म्हाईत शे.”

“काय म्हाईत हाये?”

“तुमनं लाटनं थांबनं व्हतं. पह्यली हाकले बी, दुसरीले बी. मी ऐकं.”

मंदाबाईंनी मनात हिशेब केला. लाटण्याचा आवाज तो केवढासा. तो भिंतीपलीकडे थांबलेला ज्याला ऐकू आला, त्याला त्याच खोलीतली हाक...

“हा,” निंबाभाऊ म्हणाले. “ती बी ऐकी. गानं सरावर उनं व्हतं. एवढंसं बाकी. म्हटलं, सरू दे, मंग उठसू. बाप म्हने चाल तोडानी नही. पोऱ्याले वाटनं, बाप बहिरा शे. मी तसंच वाटू दिधं. ऐकीसन बसेल बाप त्याले सोसता नही.”

बाहेर मालगाडी जात होती. ती लांबलचक होती. 

मंदाबाई उठल्या. त्यांनी माठातून पेला भरून आणला, तोच स्टीलचा, आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन घोट घेतले. तिसरा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निंबाभाऊंनी विहिरीवाली काढली. एकोणीस वर्षांनी कव्हर उघडलं तर आत झुरळाची अंडी. धोतराच्या मऊ फडक्याने पुसली. हितेंद्रने सुई ओढलेला ओरखडा तसाच होता, पांढरा, बोटभर. सुई ठेवली. गाणं आलं. मंदाबाई या बाजूला भिंतीला पाठ लावून बसल्या. मोठं हळू गाणं होतं ते, कोणी जिना चढत यावं आणि मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबावं तसं. ओरखडा आला, खट्ट झालं, आणि त्याच क्षणी गाणं थांबलं. यावेळी खिळ्याचा आवाज नव्हता. निंबाभाऊंनी हाताने सुई उचलली होती. मग मंदाबाईंना त्यांची पावलं ऐकू आली, खाटेपासून दारापर्यंत, सावकाश. कडी निघाली. दारात कोणी नव्हतं, असणार कोण. तरी दार बराच वेळ उघडं राहिलं.

मग त्यांनी ज्योत्स्नाला फोन लावायला सांगितलं.

“पोरी, गानं आठेच तुटी. अर्धावर. मंग पाऊल वाजू दे, मंग कडी. बाप उठना असं दाखाड.”

“आबा, पण गाण्याचा शेवट किती सुंदर असेल. तो लोकांना ऐकू दे ना.”

“नही. पुरं करानं नही. बाप गानं टाकीसन उठना, तठेच गोष्ट सरी.”

“मग धुडकू येतो ना घरी?”

निंबाभाऊ दम खात थांबले. “दार उघडं ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “तुना धुडकू शे. तो येई.”

ज्योत्स्नाने तो भाग रविवारी लावला. सहा हजार लोकांनी ऐकला म्हणतात. निंबाभाऊंनी ऐकला नाही. ते शुक्रवारी पहाटे गेले. घरात मंदाबाई होत्या. निंबाभाऊंनी पाणी मागितलं आणि ते त्यांना मिळालं, एवढं मंदाबाई सगळ्यांना सांगतात. अंत्यविधीला पिंपळनेरहून पुतणे आले. तबकड्यांचं काय करायचं विचारू लागले. मंदाबाईंनी पेटीवर पदर टाकावा तशी चादर टाकली आणि म्हणाल्या, “त्या माझ्या भिंतीपलीकडच्या आहेत.”

पण त्याच्या आधी बुधवार होता. त्या बुधवारी मंदाबाई नको नको म्हणत असतानाही ते निघाले. विहिरीवाली टॉवेलात गुंडाळली. पिशवी खांद्याला. गल्लीच्या टोकापर्यंत तीनदा थांबले. कुंदनच्या यंत्रावरही सुई त्यांनी स्वतःच उचलली.

“आबा, मध्येच बंद झालं,” कुंदन म्हणाला. “परत घेऊ का?”

“नको. तेवढंच शे ते.”

कार्ड पाकिटात, पाकीट खिशात, आणि स्टँड. धुळ्याची गाडी लागलेली होती. ड्रायव्हर खिडकीतून वाकला.

“काय आबा, दर बुधवारी पाकीट. प्रेमपत्र का काय?”

“शे ना. तुनी आजीले धाडस.”

ड्रायव्हर हसला, पाकीट समोरच्या आरशामागे खोचलं आणि गाडी काढली. निंबाभाऊ धूळ बसेपर्यंत उभे राहिले. येताना त्यांनी मंदाबाईंसाठी अर्धा डझन केळी घेतली, नेहमीप्रमाणे एक दबलेलं निघालं म्हणून केळीवाल्याशी हुज्जत घातली, आणि घरी येऊन पिशवी खुंटीला अडकवली. मग भिंतीवर दोन बोटांनी टकटक केली.

“अक्का, पाकीट गयं. आज गाडी येळवर व्हती.”